गढूळ पाणी: एका पाझर तलावाची रात्र (प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

हे प्रकरण जुलै २०२१ चं. गाव सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचं. गावाचं नाव देत नाही आणि माणसांचीही नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय ती सगळी आजही तिथंच राहतात, एकमेकांच्या बांधाला बांध लागून आहे. मी तेव्हा शाखा अभियंता होतो, तालुक्यातल्या पाझर तलावांचा आणि बंधाऱ्यांचा चार्ज माझ्याकडे होता, कामं साठच्या वर आणि माणसं आम्ही तिघं.

तलाव १९७२ च्या दुष्काळातला. गावात अजून त्याला दुष्काळी तळंच म्हणतात, म्हातारी माणसं सांगतात की घमेल्या-घमेल्यानं माती वाहिली आणि सुकडी खाऊन दिवस काढले. मातीचा भराव, पोटात काळ्या मातीचं हार्टिंग म्हणजे पाणी अडवणारा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचं केसिंग म्हणजे आवरण, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग म्हणजे लाटांपासून राखणारं दगडी अस्तर. उंची जास्तीत जास्त सव्वानऊ मीटर, लांबी अडीचशे मीटरच्या आसपास, उजव्या टोकाला मुरमात खोदलेला सांडवा. विमोचक, म्हणजे पाणी खाली सोडायचं दार, नाही. पाझर तलावाला तो सहसा नसतोच, पाणी जमिनीत मुरावं आणि खालच्या विहिरींना यावं एवढाच हेतू. पण याचाच दुसरा अर्थ असा की तळं एकदा तुडुंब भरलं की ते मुद्दाम खाली करायची कुठलीच सोय आपल्या हातात नसते. इस्टिमेटमध्ये हे मी शंभर वेळा वाचलेलं, त्याचा अर्थ त्या रात्री कळला.

कागदावर पाझर तलाव असला तरी गावाच्या दृष्टीनं तो पूर अडवणारा बांध होता. डोंगरावरून येणारा लोंढा आधी तळ्यात पसरायचा आणि मग सांडव्यावरून सावकाश ओढ्याला लागायचा, त्यामुळे खालच्या वाडीनं हळूहळू ओढ्याच्या काठापर्यंत घरं बांधली. भरावापासून जेमतेम सहाशे मीटरवर चौतीस घरं. तळं बांधलं तेव्हा तिथं एकही घर नव्हतं असं जुने लोक सांगतात. म्हणजे धोका काही भरावातच वाढला असं नाही, खालच्या बाजूलाही वाढत गेला आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नव्हती.

भरावाची अवस्था आपल्याकडच्या बहुतेक जुन्या तलावांसारखीच. खालच्या उतारावर बाभळी आणि घाणेरीचं रान, घुशींची बिळं, माथ्यावरून ट्रॅक्टर जाऊन जाऊन डाव्या बाजूला फूटभर खोल चाकोरी पडलेली. मे महिन्यात पावसाळापूर्व पाहणी झाली होती. माझीच सही आहे, शेरा "स्थिती समाधानकारक". मी माथ्यावरून या टोकाचं त्या टोकाला चालत गेलो होतो, घाणेरीत शिरून पायथा बघितला नव्हता. हे लपवून ठेवलं तर पुढचं काही लिहायला अर्थच नाही.

नेमकी अडचण

२२ जुलैचा गुरुवार. आषाढी होऊन दोन दिवस झालेले, पाऊस मंगळवारपासून हटला नव्हता. त्याच दिवशी चिपळूणात पाणी शिरलं आणि संध्याकाळी महाडजवळ तळीयेवर दरड कोसळली, सगळ्या यंत्रणेचं लक्ष आणि माणसं कोकणाकडे. आमच्या बाजूला दुपारपासून लाईट नव्हती, मोबाईलची रेंज येऊन-जाऊन.

पावणेचारला पोलीस पाटलांचा फोन आला. वाडीतल्या एक आजी म्हशी घेऊन परत येताना त्यांना त्यांच्या भाताच्या खाचरात लालसर-काळं पाणी येताना दिसलं, त्यांनी घरी जाऊन सांगितलं, "तळ्याचं पाणी रंग बदलायलंय." घरातल्यांनी लक्ष दिलं नाही, कारण भरावाच्या मधोमध पायथ्याला एक जुना झरा आहे, वर्षानुवर्षं नितळ पाणी येतं, बायका तिथं भांडी विसळतात. तळं गळतं हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्या माहितीमुळेच नवी गळती कुणाच्या डोळ्यात आली नाही. आजी मात्र घरच्यांना सांगून थांबल्या नाहीत, थेट पोलीस पाटलांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

मी पोचलो सव्वापाचला. जुना झरा जसाच्या तसा, स्वच्छ. तिथून डावीकडे भरावाची उंची चार मीटरवर येते तिथं, पायथ्याच्या गवतातून मनगटाएवढी धार उसळत होती आणि तिच्याभोवती बारीक मातीचं वारुळासारखं कडं तयार झालं होतं. वाडीतल्या एकाकडून स्टीलचा तांब्या घेतला, धारेखाली भरला आणि दगडावर ठेवून दिला. दहा मिनिटांनी वरचं पाणी ओतून टाकलं तर तळाला करंगळीच्या पेराएवढा थर, आणि तो थर मुरमाचा नव्हता. मुरूम तांबूस असतो आणि हाताला चरचरतो. हे लोण्यासारखं मऊ आणि काळं होतं.

काळी माती म्हणजे हार्टिंग. भरावाचं पोट धुऊन बाहेर येत होतं. नुसतं पाणी पाझरलं तर मातीचं धरण ते वर्षानुवर्षं सोसतं, माती घेऊन पाणी यायला लागलं की आतली वाट दर मिनिटाला मोठी होते, वाट मोठी झाली की पाणी वाढतं, पाणी वाढलं की आणखी माती जाते. यालाच पाइपिंग म्हणतात. धार किती जाड आहे हा त्यावेळी दुसरा प्रश्न असतो, रंग काय आहे हा पहिला.

वर सांडव्यावरून दीड फूट पाणी वाहत होतं आणि माथ्यावरच्या चाकोरीपर्यंत पाणी यायला जेमतेम अडीच फूट बाकी होते.

समोर कोणते पर्याय होते

मी पोचायच्या आधीच पोरांनी काळ्या मातीची पोती भरून धारेवर रचायला सुरुवात केली होती. मन हेच सांगतं की भोक दिसलं की बुजवा. पण खालच्या बाजूनं तोंड दाबलं की पाण्याचा दाब आत वाढतो आणि ते दुसरीकडून, बऱ्याचदा जास्त वाईट जागेतून फुटतं. पाण्याला वाट द्यायची आणि माती अडवायची, म्हणजे फिल्टर. त्यांना पोती काढायला सांगितली तेव्हा एक जण चिडून म्हणाला, "साहेब, तुम्हाला तळं फोडायचंय का?" समजावून सांगायला वेळ नव्हता, मी स्वतःच पोती उचलायला लागलो तेव्हा बाकीचे आले.

दुसरी सूचना सरपंचांच्या चुलत्यांची, लांबच्या टोकाला भराव आपणच फोडून पाणी काढून देऊ. हे मी तिथल्या तिथं नाही म्हणालो. भरलेल्या तळ्याच्या मातीच्या भरावाला चर मारला तर तो आपण मारला तेवढाच राहत नाही, वाहतं पाणी त्याची रुंदी स्वतः ठरवतं.

तिसरी, शेतकऱ्यांचे पाइप आणून सायफन लावायचे. कल्पना चांगली, कोरड्या दिवसात मी तीच निवडली असती. पण हिशोब केला. चार इंची सायफन सेकंदाला वीस लिटर देईल धरा, दहा लावले तर दोनशे लिटर. तळ्याचा पसारा पाच हेक्टर, म्हणजे पातळी फक्त दहा सेंटीमीटर उतरवायला पाच हजार घनमीटर पाणी काढायचं, त्याला सात तास, तेही वरून एक थेंब आला नाही तर. डोंगरावरून लोंढा चालूच होता.

चौथी, सांडवा खोल करायचा. तिथं खाली कातळ आहे हे जुन्या नकाशावरून माहीत होतं, त्यामुळे चर कातळापाशी थांबणार, भरावासारखा उकरत जाणार नाही. अडचण अशी की सांडव्याच्या शेपटाचा नाला बुजलेला होता आणि जास्तीचं पाणी सरळ एका काकूंच्या दीड एकरात शिरणार होतं, भात लावून आठ दिवसही झाले नव्हते.

आणि पाचवी, वाडी खाली करायची.

वाडी हलवायचं ठरवायला लागलेला वेळ

इथं मी चुकलो आणि इथंच सगळ्यात जास्त शिकलो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साडेपाचला तांब्यातला थर बघितला त्याच क्षणी मला माहीत होतं की वाडी हलवली पाहिजे. तिवऱ्याला दोनच वर्षं झाली होती. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं ते मातीचं धरण फुटलं आणि भेंदवाडी गेली, तिथल्या लोकांनी गळतीच्या तक्रारी आधीच केलेल्या होत्या. हे सगळं डोक्यात असूनही मी वरिष्ठांना फोन लावत बसलो. लागेना. तहसील कार्यालयाचा लागेना. एक फोन लागला तर समोरच्यानं विचारलं "किती टक्के शक्यता आहे?" आणि मी त्याचं उत्तर शोधत राहिलो. असं करत सात वाजून दहा मिनिटं झाली. एक तास चाळीस मिनिटं, आणि त्यातला उजेडाचा सगळा वेळ.

माझी भीती अशी होती की वाडी हलवली आणि काही झालं नाही तर लोक पुढच्या वेळी ऐकणार नाहीत, आणि वरून विचारणा येईल की कुणाच्या आदेशानं घबराट पसरवली. शेवटी पोलीस पाटलांनी प्रश्न सोडवला. ते म्हणाले, "साहेब, तुमची पोरं या वाडीत असती तर तुम्ही फोन लावत बसला असता का?" मी एका वहीच्या पानावर लिहिलं की तलावास धोका आहे, वाडी तात्काळ रिकामी करावी, खाली सही, हुद्दा, वेळ. ते पान त्यांच्या हातात दिलं.

शाळेत न्यायचं म्हणाले तर शाळा ओढ्याच्याच काठाला, शिवाय करोनामुळे तिथल्या दोन खोल्या विलगीकरणासाठी ठेवलेल्या. टेकाडावरच्या देवळाचा सभामंडप आणि शेजारची रिकामी पोल्ट्री शेड ठरली. लाईट नसल्यामुळे भोंगा बंद, कोतवालांनी ताट बडवत दवंडी दिली. माणसं निघेनात. कारण तळं नव्हतं, जनावरं होती. दावणीला म्हैस ठेवून कुणी जात नाही. मग क्रम उलटा केला, आधी दावी सोडून जनावरं टेकाडावर हाकली, त्यांच्यामागे माणसं आपोआप गेली. दोन म्हातारे अडून बसले होते, त्यांना नातवांनी पाठीवर घेतलं. साडेनऊला वाडी रिकामी झाली.

भरावावर काय केलं

त्याच वेळी तिकडे फिल्टरचं काम चालू होतं. वाळू कुठून आणायची? वाडीत एका भावाचं घरकुल अर्धवट होतं, दारात वाळूचा आणि खडीचा ढीग. त्यांना विचारलं, त्यांनी काही न बोलता ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. पहिली चार घमेली वाळू टाकली तर धारेनं उडवून लावली. मग धारेभोवती पोत्यांचं गोल कडं केलं, आत पाणी गुडघ्याएवढं साठू दिलं, तशी उसळी मंदावली आणि वाळू बसायला लागली. आधी वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी, वर दगड. उलटं केलं तर उपयोग नाही, बारीक माती मोठ्या दगडांमधून निघून जाते. ट्रॅक्टर आणि जेसीबी मी भरावाच्या या भागाजवळ येऊ दिला नाही. अमेरिकेत १९७६ साली टेटन धरणावर गळतीचं भोक बुजवायला गेलेले दोन डोझर त्या भोकातच गेले होते आणि दुपार व्हायच्या आत धरण फुटलं, हे शिकताना वाचलेलं डोक्यात पक्कं बसलेलं. सगळी वाळू माणसांच्या साखळीनं हातोहात गेली.

जेसीबी आठला आला. सांडव्यात दोन मीटर रुंद, कातळापर्यंत दोन फूट चर. काकूंना सांगायला माणूस पाठवला होता, पण तो पोचायच्या आत पाणी त्यांच्या शेतात शिरलं.

आता मुख्य प्रश्न उरला, पाणी वरून शिरतंय कुठून. पृष्ठभागावर भोवरा दिसत नव्हता, वाऱ्यानं लाटा होत्या, अंधार होता. मला शंका आली होती की डाव्या बाजूला कुणीतरी भरावातून पाइप नेलाय. उन्हाळ्यात तळं आटलं की रात्रीतून चर मारून पाइप टाकतात, वर सैल मुरूम लोटतात आणि पहिल्या पावसात गवत उगवलं की काही दिसत नाही. तोच सैल मुरूम पाण्याची आयती वाट होतो.

आठच्या सुमारास चाळीस माणसांसमोर मी ओरडून विचारलं, "भरावात पाइप कुणी टाकलाय?"

कुणी बोललं नाही. कसं बोलणार? मी प्रश्न विचारला नव्हता, गुन्हेगार शोधत होतो. आजूबाजूला ज्यांची घरं धोक्यात होती तीच माणसं उभी. पावणेदहाला मी एकटा माथ्यावर होतो तेव्हा गोणपाटाची खोळ पांघरून एक जण आला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, चार इंची हाय. आठ वर्सं झाली. त्या बाभळीच्या खुंटापासनं सरळ खाली, पुरुषभर खोल." मी फक्त एवढंच म्हणालो की चला, जागा दाखवा.

जागा कळल्यावर काम सोपं झालं. दोन पोरं दोर बांधून पाण्यात उतरायला तयार होती, मी उतरू दिलं नाही, त्या भोकाच्या ओढीत माणूस सापडला तर दोर काही कामाचा नाही. मोठी ताडपत्री घेतली, खालच्या कडेला लोखंडी पाइप बांधून गुंडाळी केली आणि माथ्यावरून पिचिंगच्या उतारावर सोडत नेली. खुंटाच्या रेषेत एका ठिकाणी ताडपत्री एकदम आत ओढली गेली, ती ओढ हाताला जाणवली. त्यावर वरून काळ्या मातीची पोती सोडली. काळ्या मातीची पोती इथं, पाण्याच्या बाजूला, योग्य होती.

साडेबाराला खालची धार निम्मी झाली. तांब्या दर अर्ध्या तासानं भरत होतो, वेळ वहीत लिहीत होतो. तीन वाजताच्या तांब्यात तळ दिसला.

निकाल

तळं फुटलं नाही. दोन दिवसांनी पाऊस उतरला, पाणी सांडव्यातल्या चराच्याही खाली गेलं. लोक तीन दिवस देवळात राहिले आणि मग घरी गेले.

फेब्रुवारीत तळं आटल्यावर तो भाग उकरला. पाइप सापडला आणि पाइपाच्या अंगाला एक पोकळी, मी हात घातला तर खांद्यापर्यंत आत गेला आणि बोटांना टोक लागलं नाही. आणखी किती तास उरले होते हे मला सांगता येणार नाही, पण त्या दिवशी तिथं उभ्या असलेल्या कुणीही जेवण केलं नाही. चर दोन्ही बाजूंनी उतार देऊन रुंद केला, काळी माती सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून दाबून भरली, खालच्या अंगाला नीट फिल्टर घातला. पाइप काढला. त्या माणसावर गुन्हा नोंदवायचा का यावर ग्रामसभेत भांडणं झाली, शेवटी नोंदवला नाही आणि तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण असे पाइप तालुक्यातल्या आणखी किती तलावांत असतील, त्यांच्या मालकांनी पुढच्या वेळी बोलायला हवं. त्याला माथ्यावरून सायफन करून पाणी घ्यायची परवानगी दिली.

वेगळं काय करता आलं असतं

"कुणी टाकलाय" याऐवजी "कुठं आहे" विचारायचं, आणि एकेकट्याला विचारायचं. पाइप टाकणाऱ्यावर काही होणार नाही एवढं पहिल्याच वाक्यात सांगितलं असतं तर पावणेदोन तास वाचले असते.

वाडी हलवायचा निकष आधी ठरलेला असता तर मी फोनमागे गेलो नसतो. आता माझ्याकडच्या प्रत्येक तलावासाठी एक ओळ लिहून पोलीस पाटलांकडे दिली आहे, गळतीचं पाणी गढूळ झालं की वाडी हलवायची, कुणाला विचारायचं नाही. कुठल्या जागी जायचं तेही लिहिलंय. धरण सुरक्षा कायदा त्याच वर्षी डिसेंबरात लागू झाला, त्यात पावसाळ्याआधीची आणि नंतरची पाहणी, आपत्कालीन कृती आराखडा हे सगळं आहे, पण तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, किंवा दहा ते पंधरा मीटरच्या ज्या धरणांची लांबी, साठा वगैरे ठरावीक मर्यादेच्या वर आहे त्यांना. सव्वानऊ मीटरचा हा भराव त्यात येत नाही आणि खेड्यापाड्यातले यासारखे बहुतेक तलाव येत नाहीत. चौतीस घरांना मात्र पाणी सव्वानऊ मीटरवरूनच येणार.

पाहणी पायथ्यानं करायची. आम्ही आता मेमध्ये आधी घाणेरी तोडतो, मग चालतो, आणि त्या आजींना बरोबर घेतो. कुठं ओल नवी आहे आणि कुठं जुनी हे त्यांना पायाला कळतं.

सांडव्याच्या शेपटाचा नाला दरवर्षी मोकळा ठेवला असता तर काकूंचं शेत वाचलं असतं. हे काम जेसीबीचं एका दिवसाचं होतं. त्यांच्या दीड एकरातली वरची माती सगळी गेली, जागोजागी मुरूम आणि गोटे राहिले. पंचनामा मी स्वतः लिहिला, त्यात स्पष्ट लिहिलं की सांडवा शासकीय कामासाठी खोदल्यामुळे नुकसान झालं. अर्ज परत आला, कारण नुकसान भरपाईच्या यादीत अतिवृष्टी बसते, वाडी वाचवायला मुद्दाम सोडलेलं पाणी बसत नाही. वाडीतल्या लोकांनी दोन उन्हाळे ट्रॉल्यांनी गाळ आणून टाकला, तळ्यातलाच गाळ. अर्ध्या एकरात आता परत भात होतो. उरलेल्या एकरासाठी तिसरा अर्ज गेल्या महिन्यात दिलाय.